आत्यानं न बघितलेली जखम

शुगर असलेल्यांनी हे वाचावं, आणि ज्यांच्या घरी आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते त्यांनी तर जरूर वाचावं. मी काही लेखक नाही. निमगाव केतकीत डाळिंब आणि थोडा भाजीपाला करतो. तोंडाचा फटकळ आहे असं बायको म्हणते, गावही म्हणतं. पण माझ्या हातून जो गाढवपणा झाला तो आपल्याकडं घरोघरी होतो आणि त्याला कुणी गाढवपणा म्हणत नाही, म्हणून लिहायला बसलो.

फरशीवरचे ठसे

बागेत छाटणी चालू होती. दुपारी जेवायला घरी आलो, हात धुतले आणि पाटावर बसलो. शोभा, म्हणजे माझी बायको, भाकरी वाढता वाढता तशीच उभी राहिली. दारापासून पाटापर्यंत फरशीवर एका पायाचे लाल ठसे उमटले होते. मी तिलाच विचारलं, तुला काय लागलं?

रक्त माझं होतं. डाळिंबाचा काटा चपलेतून आरपार जाऊन तळव्यात मोडला होता. सकाळपासून तो पायात घेऊन मी बागभर हिंडत होतो आणि मला पत्ता नव्हता. खरं सांगतो, तेव्हा मला अभिमानच वाटला. म्हटलं, काय कातडं आहे आपलं! काटा चिमट्यानं काढला, हळद दाबली आणि जेवून परत छाटणीला गेलो. आठ वर्षांची शुगर आणि आठवण झाली तर गोळी, असा माझा कारभार होता.

दहा दिवसांनी पाय भोपळ्याएवढा झाला आणि ताप चढला. इंदापूरच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाले, तळव्याला सुई टोचतो, कळलं की सांगा. मी डोळे मिटून पडून राहिलो. बराच वेळ झाला तरी काही होईना. शेवटी वैतागून म्हणालो, "टोचा की एकदाची."

डॉक्टर म्हणाले, "चार ठिकाणी टोचून झालं."

त्यांनी बारामतीला पाठवलं. तिथल्या सर्जननी सांगितलं, सडलेलं सगळं काढून टाकू, औषधं देऊ आणि जखम भरते का बघू. भरली तर पाय राहील. पू वर चढला तर कापावं लागेल. शोभानं हळूच विचारलं, कापायचं म्हणजे बोटच ना? डॉक्टरांनी माझ्या नडगीवर आडवा हात धरून जागा दाखवली. एका पायावर मी बागेतल्या दोन ओळींच्या मधून कसा चालणार, एवढाच एक विचार डोक्यात घोळत राहिला. मी घाबरलो होतो. साफ घाबरलो होतो.

ब्रदर

ऑपरेशननंतर ड्रेसिंगला सिस्टर येईल म्हणून मी धोतर सारखं करून बसलो, तर आला एक दाढीवाला तरणा गडी. सागर त्याचं नाव, सांगवीचा. दवाखान्यात त्याला सगळे ब्रदर म्हणत. मला हसू आवरेना. मी विचारलं, बाप्या माणसानं नर्सचं काम धरलं, घरचे काही बोलले नाहीत का? तो शांतपणे म्हणाला, आजोबांची मेंढरं होती, काका. मेंढराच्या खुरात किडे पडले की ते मांडी घालून तासभर साफ करत बसायचे. आम्हाला जखमेची किळस घरातूनच नाही.

मग त्यानं हात धुतले. एवढं काय त्यात, म्हणाल. पण ते धुणं मी बघतच राहिलो. तळवे, बोटांच्या बेचक्या, अंगठा वेगळा, नखांच्या खाली, मनगटापर्यंत. नळ बंद केला तो कोपरानं. त्यानं स्पिरिटची बाटली उघडली आणि त्या वासासरशी मी चाळीस वर्षं मागं गेलो. मी बावड्यात आत्याच्या खोलीत उभा होतो, आणि स्टोवर सुया आणि काचेच्या पिचकाऱ्या उकळत होत्या.

बावड्याची नर्सबाई

यमुनाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं. वडिलांनी सगळ्या भावकीशी भांडण घेऊन तिला पुण्याला नर्सच्या शिक्षणाला पाठवलं. माळ्याची पोर परक्यांची गुवामुताची कामं करणार, म्हणून घरात बऱ्याच जणांनी बोलणं टाकलं होतं. शिकून आली ती बावड्याच्या सरकारी दवाखान्यात लागली आणि तिथंच म्हातारी झाली.

पाचवी-सहावीची दोन वर्षं मी तिच्याकडं राहून शिकलो. सकाळी उठलो की पहिला आवाज स्टोला पंप मारल्याचा. ॲल्युमिनियमच्या डब्यात सुया आणि काचेच्या पिचकाऱ्या उकळायला ठेवायची आणि घड्याळ समोर मांडून बसायची. त्या डब्याला मी हात लावला की चिमटा पाठीत. पांढरं लुगडं, कमरेला किल्ली, हातात पत्र्याची पेटी. वाड्यावस्त्यांवर चालत जायची. लस टोचायला आली की बायका पोरं कणगीमागं लपवायच्या आणि ही दारात बसून राहायची, उठायचीच नाही. गावच्या सुईणी नाळ कापायला घरातला विळा घ्यायच्या. आत्यानं त्यांच्याशी कधी भांडण केलं नाही. प्रत्येकीला एक साबण आणि उकळलेलं पातं दिलं आणि बाळंतपण कुणी केलं ते विचारण्याआधी म्हणायची, नखं बघू.

मलाही जेवायला बसताना रोज तेच. नखं बघू. हात कर उलटा.

शाळेत पोरं मला सुईवालीचा म्हणायची आणि मला लाज वाटायची. सुट्टीला आत्या निमगावला आली की आई तिला चहा वेगळ्या कपात द्यायची. निळ्या काठाचा, कान तुटलेला कप. तो खिडकीत पालथा असायचा, बाकीच्या कपांत कधी मिसळायचा नाही. मी ते बघत होतो. एकदा आईनं मलाच तो धुवायला सांगितला, तर मी दोन बोटांत धरून नेला. आत्यानं ते बघितलं. दवाखान्यातल्या खाटेवर मी पडल्यापासून तो कप मला रोज आठवत होता.

सागर ब्रदरला मी आत्याचं सांगितलं. सुया उकळायच्या हे ऐकून तो हसला. आता सगळं पाकिटात येतं, एकदा वापरलं की फेकायचं, म्हणाला. पण हात मात्र तेच राहिले, काका. हात पाकिटात येत नाहीत.

बघू की

बारा दिवसांनी घरी सोडलं. एक दिवसाआड बारामतीला ड्रेसिंगला जायचं आणि मधे पट्टीला कुणी बोटही लावायचं नाही, एवढं ब्रदरनं तीनतीनदा बजावलं.

घरी आलो त्याच संध्याकाळपासून माणसं यायला लागली. कुणी केळी, कुणी शहाळी, कुणी बिस्किटचे पुडे. दवाखान्यात ज्यांना जमलं नाही ते सगळे. चहा व्हायचा, मग एक जण खुर्ची पुढं ओढून म्हणायचा, बघू की, केवढी हाय. आता तुम्ही म्हणाल, नाही म्हणायचं. सोपं आहे बोलायला. पहिल्या माणसाला मी नाही म्हणालो, तर दुसऱ्या दिवशी बाजारात बातमी, तात्याचा, म्हणजे माझा, पाय आधीच कापलाय आणि पट्टीत लाकडाची फळी बांधलीय. माणूस आपल्या काळजीनं आला आणि आपण त्याला आजार दाखवला नाही म्हणजे त्याला परका केला, असं आपल्याकडं धरतात.

मग मी दाखवायला लागलो. पट्टी उलगडायची, गॉज हळूच उचलायचा, समोरचा "आई गं" म्हणाला की परत ठेवायचा आणि घडीवर घडी बांधून टाकायची. ब्रदरच्या बांधण्यासारखी हुबेहूब बांधता यायला लागली, याचासुद्धा मला तोरा. शोभा चिडायची. दोन दिवस बोलली नाही. मी तिला म्हणालो, एवढ्या लांबून माणसं येतात आणि तू दळभद्रीपणा करतीस.

खरं कारण वेगळं होतं, ते आता सांगतो. एकटा असलो की मला डॉक्टरांचा तो नडगीवरचा आडवा हात दिसायचा. माणसं आली, जखम उघडली, मी काट्याची आणि सुईची गोष्ट रंगवून सांगितली, लोक हसले, की ती भीती तेवढ्यापुरती जायची. मी गोष्टीतला बहाद्दर व्हायचो. मोजले नाहीत, पण चाळीसेक जणांनी तरी माझी जखम बघितली असेल. कुणी वाकून, कुणी फुंकर घालून, एकानं तर तंबाखू मळलेल्या बोटानं कड दाबून बघितली.

आत्या आली

आत्याचं वय आता चौऱ्याऐंशी. बावड्याहून शेजाऱ्याच्या गाडीतून आली, काठी टेकत. मला इतका आनंद झाला की मी लगेच पट्टीला हात घातला. म्हटलं, आजवर बिनअकलेच्यांना दाखवली, आता जिला कळतं तिनं बघावी.

हातावर फटका बसला. काठीचा नाही, हाताचा, पण लहानपणीच्या चिमट्याइतकाच.

"उघडू नगंस," आत्या म्हणाली. "किती जणांनी बघितली?"

मी शोभाकडं बघितलं. ती भिंतीकडं बघत होती. आत्यानं उत्तराची वाट बघितली नाही. खाटेच्या कडेला बसली, पदर बाजूला केला आणि मान खाली घालून माझ्या पायापाशी श्वास घेतला. मग पालथा हात नडगीवर ठेवला, जिथं डॉक्टरांनी ठेवला होता साधारण तिथंच. दुसऱ्या पायावर ठेवला. परत पहिल्यावर.

"शोभे, गाडी थांबव ती," ती म्हणाली. "ह्याला आत्ताच्या आत्ता बारामतीला न्यायचं."

मी म्हणालो, उद्या तारीख आहेच की. मला काही दुखत नाही.

"तुला काटा तरी कुठं दुखला हुता?"

एवढं बोलून ती माझ्याआधी जाऊन गाडीत बसली. लोणी देवकरचा आमचा एक पाहुणा त्याच वेळी केळी घेऊन दारात आला होता. त्याला शोभानं पहिल्यांदाच चहाचं विचारलं नाही.

नखं

आत्याचं नाक खोटं नव्हतं. आत पू साठला होता आणि वर चढायला लागला होता. आणखी एक दिवस थांबला असता तर मी तुमच्याशी या पायाविषयी बोललो नसतो, असं सर्जन म्हणाले, आणि फार रागात म्हणाले. अंगठा आणि शेजारचं बोट त्या दिवशी गेलं. पाय राहील की नाही ते आठ दिवसांनी सांगू, म्हणाले.

सागर ब्रदरनं मला एकच प्रश्न विचारला, घरी पट्टी उघडली होती का? मी नाही म्हणालो. चोपन्न वर्षांचा बाप्या, पाय पणाला लागलेला, आणि मी शाळेतल्या पोरासारखा खोटं बोललो. आत्या खुर्चीवर बसली होती. ती म्हणाली, "खोटं बोलतोय. साऱ्या गावाला दाखवलीया. तसं लिहून ठेवा." मला तेव्हा तिचा भयंकर राग आला. ब्रदरनं लिहून घेतलं आणि त्यावरून डॉक्टरांनी औषध बदललं. मग राग कुणावर धरायचा हेच मला कळेना.

तो ड्रेसिंगला आला तेव्हा आत्या उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, नखं बघू. मी लाजेनं डोळे मिटले. डोळे उघडून बघतो तर त्या दाढीवाल्या गड्यानं दोन्ही हात पालथे करून तिच्यासमोर धरले होते. आत्यानं चष्मा वर करून एकेक बोट बघितलं.

"बरं हाय," ती म्हणाली. मग त्याच्या हातातल्या पाकिटाकडं बघत राहिली. त्यानं ते तिच्या हातात दिलं. तिनं उलटसुलट करून बघितलं आणि उकळायचं काहीच नसतं व्हय आता, असं विचारलं. शिकताना मेणबत्ती धरून नर्सची शपथ घेतलीस का, हेही विचारलं. तो म्हणाला, घेतली. पहिल्यांदा फोटो नीट आले नाहीत म्हणून दोनदा घेतली. आत्या खुदकन हसली. इतकी मोकळी हसलेली मी तिला फार कमी वेळा बघितलीय.

मग तो वाकून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही बाहेर बसता का थोडा वेळ? ड्रेसिंग करून घेतो."

जन्मभर तिला गावानं बाई म्हटलं, नर्सबाई म्हटलं, सुईवाली म्हटलं. सिस्टर म्हणणारा हा पहिला. तिनं पदर नीट केला, मान सरळ केली आणि बाहेर गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ब्रदरला वाटलं दुखतंय.

त्याच आठवड्यात एकदा ती मला चमच्यानं लापशी भरवत होती, तेव्हा मी कपाचा विषय काढला. कसा काढला ते आता आठवत नाही. निळ्या काठाचा कप, मी दोन बोटांत धरलेला. म्हणालो, आत्या, चुकलं आमचं सगळ्यांचं. तिनं चमचा वाटीत ठेवला.

"लई लागलं हुतं मला," ती म्हणाली. "तुझ्या आईचं न्हाय. तुझं."

मग तिनं चमचा उचलला आणि खा म्हणाली. मी खाल्लं.

दारातली खुर्ची

आठव्या दिवशी सर्जननी पाय राहतोय असं सांगितलं. शोभा तिथंच मटकन खाली बसली. पण जखम भरायला आणखी महिने लागणार होते, आणि घरी परत तीच माणसं, तीच केळी.

आत्या आमच्याबरोबर निमगावला आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दारात खुर्ची टाकली. येणाऱ्याला ती तिथंच बसवायची, चहा पाजायची आणि बघू की म्हटलं की सांगायची, मी बघितलीया, चांगली भरतीया. विषय संपला. यातल्या बावड्याकडच्या पाहुण्यांना लहानपणी कणगीमागून काढून तिनंच लस टोचलेली, बाकीच्यांनी ते ऐकलेलं. नर्सबाईनं बघितलं म्हटल्यावर पुढं कोण बोलणार? मी आतून ऐकायचो आणि हसायचो, कारण तिनं माझी जखम एकदाही बघितली नव्हती. बारामतीला ड्रेसिंगच्या वेळी ती मुद्दाम बाहेर जायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, बघायचं काम ज्याचं हाय त्यो बघतोय.

महिना राहिली आणि बावड्याला परत गेली. तोवर गावाला सवय लागली होती. माणसं यायची, पाऊस आणि डाळिंबाचं बोलायची आणि जायची.

दाखव आता

चार महिन्यांनी सागर ब्रदरनं पट्टी सोडली आणि नवी बांधली नाही. खास बूट दिला आणि म्हणाला, सिस्टरना सांगा.

फोनवर सांगण्यासारखं ते नव्हतं. तीन बोटांचा पाय बुटात घालून, बसनं, एकटा बावड्याला गेलो. आत्या तिच्या त्याच खोलीत. स्टो गेला, गॅस आला, पत्र्याची पेटी मात्र फळीवर तशीच. तिनं मला कॉटवर बसवलं. मग मोरीत गेली आणि हात धुतले. तळवे, बेचक्या, अंगठा वेगळा, नखांखाली, मनगटापर्यंत. स्वच्छ फडक्याला पुसले, चष्मा लावला आणि खाली पाटावर बसून माझा पाय मांडीवर घेतला.

"हं," ती म्हणाली. "दाखव आता."

सगळ्या गावासमोर बिनदिक्कत उघडला होता तो पाय, पण तिच्यासमोर मोजा काढताना मला लाज वाटली. तिनं वणावरून अंगठा फिरवला. बोटं होती तिथं फिरवला. टाचेपासून पुढं इंच इंच दाबत आली आणि प्रत्येक ठिकाणी विचारलं, हितं कळतंय का? खोटं बोलावं असं फार वाटत होतं. पण नाही कळत, असंच प्रत्येक वेळी म्हणालो.

तिनं मोजा परत चढवला. फळीवरची पेटी मला काढायला लावली आणि आतून एक गोल आरसा काढला, पत्र्याच्या कडेचा, तळहाताएवढा. माझ्या हातात दिला.

"साऱ्या गावाला दाखवलास," ती म्हणाली. "तू सवता एकदा तरी बघितलास का?"

मी आठवून बघितलं. चाळीस जणांना दाखवताना मी दर वेळी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. पायाकडं नाही.

आता रोज अंघोळीनंतर मी हात धुतो, आरसा जमिनीवर ठेवतो आणि त्यावर पाय धरून तळवा बघतो. आज सकाळीही बघितला. काही नव्हतं.